रेडिएटरवर वाळलेली पट्टी

प्रिय रिम्मा,

शुक्रवारी आपलं विमान पहिल्यांदा उडणार आहे. हे पत्र नोवोसिबिर्स्कला, तुझ्याकडे, येणाऱ्या आगगाडीतल्या डब्याची देखरेख करणाऱ्या बाईच्या हाती देतेय, टपालाच्या भरवशावर बसायला वेळ नाही.

मार्चमध्ये आपली जुंपली होती ना, त्याबद्दल आहे. वाऱ्याच्या झोतात विमानाचा नमुना तपासायच्या बोगद्यात, नमुन्याच्या पंखाला माझा रंग लावला होता. दिव्याखाली तो चमकतो, हवेचा दाब वाढला की मंदावतो. किती मंद म्हणजे किती दाब, हे मी आधी त्याच रंगाच्या छोट्या पट्टीवर ठरवते. तू दाब मोजत होतीस पंखाला पाडलेल्या छिद्रांतून. पंखाच्या मुळाजवळच्या, तो विमानाच्या धडाला जोडतो तिथल्या, तीन छिद्रांचे आकडे माझ्याशी जुळेनात, तेव्हा मी सगळ्यांदेखत म्हणाले, "रंगानं तुझी छिद्रं बुजलीत, बाई. सुई घाल आणि गप्प बस." तू सुई घातलीस. छिद्रं मोकळी होती. तरी बुजली होती असं लिहून तू सही केलीस, कारण माझ्या पेन्शनला दोनच वर्षं उरली होती. मग बदली मागून निघून गेलीस. मी स्टेशनवरसुद्धा आले नाही, याची मला फार लाज वाटते.

ती पट्टी मी घाईत खोली गरम ठेवणाऱ्या रेडिएटरवर वाळवली होती, आपण मोजे वाळवतो तशी. पंख मात्र गारठलेल्या दालनात वाळला. गेल्या आठवड्यात रेडिएटरमधलं गरम पाणी तीन दिवस बंद होतं. नवी पट्टी पंखासारखीच थंडीत वाळली, आणि तिच्यावरून काढलेले आकडे थेट तुझ्या आकड्यांशी जुळले. मी तीनदा करून पाहिलं. तुझी तिन्ही छिद्रं खरं बोलत होती. पंखाच्या मुळाशी भार आपण लिहिला त्याहून पाचव्या हिश्शानं जास्त आहे; हवेत पंख तिथे मोडू शकतो.

आमच्या प्रमुखांना, गेर्मान ल्वोविचना, सांगितलं. ते म्हणाले, "नेली, तुझ्या पट्ट्या रोज रंग बदलतील. माझ्याकडे रिम्माच्या सहीचा कागद आहे." विमान उडवणार आहे सावेली, दर उन्हाळ्यात आपल्या दोघींना बागेतल्या काकड्या आणून देणारा. त्याला सांगितलं तर हसला. "कागद आहे ना, मावशी?" म्हणाला.

म्हणून रिम्मा, गुरुवारच्या आत गेर्मान ल्वोविचना तार कर की छिद्रं मोकळी होती, तू सही केलेला कागद खोटा आहे. तुझी नोकरी जाईल, मला कळतं. माझीही जाईल, पेन्शनसकट. तू माझ्यासाठी खोटं लिहिलंस, आणि त्याच कागदावर विसंबून तो पोरगा विमानात बसणार आहे.

तू म्हणू देशील तर अजूनही तुझीच,
नेली