हजाराव्या दिवसाचं जेवण

प्रिय भिंगरी,

वर्ष उलटून गेलं, तुला एक फोन केला नाही आणि आता एकदम पत्र. अक्षर ओळखून तू ते न वाचताच फाडशील, अशी भीती वाटते. फाडू नकोस. शिव्या द्यायच्या असतील तर शेवटपर्यंत वाचून दे, म्हणजे एकही कमी पडायची नाही. तू डाव्या हाताने लिहायला शिकतेयस असं तुझ्या जावेकडून कळलं. ज्या हाताने तू मला पहिल्या दिवशी खोकं दुमडायला शिकवलंस, तो उजवा होता.

परवा कंपनीने आम्हाला नदीतल्या यॉटवर जेवायला नेलं. आपल्या याच कारखान्याने, ज्याने चहात कधी दुसरा चमचा साखर पडू दिली नाही. निमित्त काय, तर हजार दिवसांत एकही अपघात नाही. नीट वाचलंस ना? एकही नाही. वरच्या डेकवर पांढरे टेबलक्लॉथ, कोपऱ्यात व्हायोलिनवाला आणि मधोमध केकवर साखरेने लिहिलेला हजार.

तो हजार माझ्या हातचा. फाटकाजवळच्या पाटीवर रोज सकाळी आकडा बदलायचं काम माझं. आठला पाच कमी असताना मी स्टुलावर चढलेली असायचे, म्हणून तर तू मला घड्याळबाई म्हणायचीस. कटिंग मशीनमध्ये तुझी तीन बोटं गेली त्या दिवशी पाटीवर सहाशे तेरा होता. नियमाने दुसऱ्या दिवशी शून्य लावायचं. मी शून्य हातात घेतलंही होतं. सुपरवायझर खाली उभा होता. तो एवढंच म्हणाला, की घरात दोन शिकणारी मुलं असताना माणसाने विचार करून काम करावं. मी सहाशे चौदा लावला. मग अपघाताच्या रजिस्टरातही सव्वाअकरा खोडून दीड लिहिलं. म्हणजे तू जेवणाच्या सुट्टीत, कोणी न सांगता, मशीनला हात लावलास असं झालं. मशीनच्या पात्यापुढची जाळी तर काम भरभर व्हावं म्हणून सुपरवायझरनेच आठवडाभर आधी काढून ठेवली होती. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि दोर वळणारी मी.

यॉटवर एक पंचाईत असते. दुसऱ्या कुठल्या समारंभातून पोट दुखतंय म्हणून सटकता येतं, इथे चहूकडे पाणी. दुसऱ्या पुलापर्यंत जाऊन वळून यायला अडीच तास. त्यात ऑफिसातल्या कारकुनाने जागा लावताना जुनी हजेरी वापरलेली. माझ्या शेजारच्या खुर्चीसमोर तुझ्या नावाचं कार्ड. कोणाला दिसायच्या आत मी ते पालथं घातलं. तसं करायला मला कोणी सांगितलं नव्हतं, भिंगरी. आता सांगावंही लागत नाही.

वेटरने विचारलं, इथल्या बाई येणार आहेत का. माझ्या तोंडून निघून गेलं, हात धुवायला गेली असेल. डबे उघडताना मी रोज सगळ्यांना हेच सांगायचे ना, जीभ त्याच वाटेने गेली. त्या भल्या माणसाने तुझी प्लेट वाढली, मासा, बटाटे, लिंबाची फोड, वर झाकण ठेवलं आणि दर थोड्या वेळाने तो तुला शोधत यायचा. मी मान खाली घालून जेवत राहिले. सुपरवायझरने विनोद केला, की कठडा नीट धरा, कोणी पाण्यात पडलं तर उद्या पुन्हा शून्यापासून मोजावं लागेल. सगळे हसले. मीही हसले. त्या हसण्याची मला किळस येते. केक कापायलाही मलाच बोलावलं. टाळ्या घेऊन परत आले तर वेटर उभा, बाईंचं जेवण बांधून देऊ का म्हणून विचारत. मी नको म्हटलं आणि तो ते उचलून घेऊन गेला.

आता हे का लिहिलं ते सांगते. चौदा तारखेला कोर्टात तुझी भरपाईची केस आहे आणि कंपनीच्या साक्षीदारांत पहिलं नाव माझं आहे. काय बोलायचं ते त्यांनी टाइप करून दिलंय, माझं पाठही झालंय. मी खरं बोलायचं ठरवलं आहे. पण माझ्या ठरवण्याची किंमत तुला माहीत आहे. सुपरवायझर समोर बसलेला दिसला की माझी बोबडी वळते, आणि ऐन वेळी मी दीडच म्हणेन. म्हणून सगळं शाईने लिहून कागदाच्या मागे पूर्ण नावाने सही केली आहे. माफी मागत नाही, मागायचं तोंड नाही. हे पत्र आजच तुझ्या वकिलाकडे दे. मी खरं बोलले तर त्याने ते खिशातच ठेवावं. खोटं बोलले तर मला तिथेच उभी ठेवून, सगळ्यांसमोर मोठ्याने वाचावं.

तुझीच, अजून म्हणू देशील तर,
घड्याळबाई