दोघांचा टेंट की तिघांचा

गुरुवार, ७ ऑगस्ट

सुट्टी. जुना टेंट माळ्यावरून काढला. बुरशी चढलेली, शिवणीवरची पट्टी हात लावताच सुटून आली. दांडा तर मागच्याच खेपेला मोडला होता. कचऱ्याच्या गाडीत टाकला, वाईट वाटलं.

मंगेश आला होता. त्याला म्हटलं नवा घेऊ, सप्टेंबरात निघू, तिघं.

"तिघं कोन?"

मी माळ्याची फळी लावत राहिलो. त्याला उत्तर नकोच होतं. तोच म्हणाला, "दोघांचा घे, विज्या. हलका हाय. संत्या येनार न्हाई आता."

दोघांचा घेतला की विषय मिटला. मला मिटवायचा नाही. तिघांचा घेणार.

रविवार, १० ऑगस्ट

संतोषकडे जाऊन आलो. एप्रिलपासून घरातच आहे. पॉवर प्रेसवर उजव्या हाताची चार बोटं गेली, अंगठा तेवढा उरला. हात आत असला की प्रेस थांबवणारा सेन्सर बंद करून ठेवलेला, सगळ्या लायनीला ठाऊक. मालक म्हणतो चालू होता. चार महिने ऐकतोय, तरी राग जात नाही.

टीव्ही चालू, आवाज बंद. हात टॉवेलखाली. म्हटलं, नवा टेंट बघतोय, कुठला घेऊ सांग. त्याला विचारणं भागच होतं. इतकी वर्षं टेंट त्यानंच लावला, आम्ही नुसते खुंट्या धरून उभे. त्यानं मान वळवली नाही.

"तुमीच जाऊन या."

वैशालीवहिनी जिन्यापर्यंत आल्या. "भाऊजी, कुठंतरी न्या हो यांना. रात्री उठून बघते मी, जागेवर हायेत का." फिनेलची बाटली त्यांनी शेजारी ठेवायला दिलीय. भाजी काय केली ते सांगावं तशा आवाजात हे सांगितलं.

घरी येऊन जेवण गेलं नाही. तो जिवाचं काही बरंवाईट करून घेईल अशी भीती वाटते. इथं लिहिलं. तोंडानं बोलायची हिंमत नाही.

बुधवार, १३ ऑगस्ट

सेकंड शिफ्ट. तयार गाडीवर चहूकडून पाणी मारायचं, मग आत बसून टॉर्चनं शोधायचं कुठून शिरलं. महाळुंग्याला आल्यापासून मी हेच करतो. पत्र्यातून पाणी येत नाही, येतं ते जोडातून. टेंटचंही तेच असणार. फोनवर दुकानदार मात्र कापड किती पाणी अडवतं त्याचेच आकडे सांगत बसतात, तीन हजार एमएम, पाच हजार एमएम. शिवणींवर पट्टी आहे का विचारलं तर "सर, हा बेस्टसेलर आहे." बेस्टसेलर गळत नाही का?

गुरुवार, २१ ऑगस्ट

पिंपरीतली दुकानं पालथी घातली. मं. च्या गाडीवर, भर पावसात.

एक प्रकार, आधी आतलं उभं करायचं, मग वर आवरण टाकायचं. तेवढ्यात आत तळं होणार. दुसरा एकाच थराचा, पिसासारखा हलका, पण आत झोपणाऱ्यांच्या श्वासाचंच पाणी होऊन अंगावर ठिबकणार. मंगेशला तोच आवडला. तिसरा मला हवा तसा. आतलं-वरचं एकत्रच उभं राहतं, दांडे ॲल्युमिनियमचे, बूट ठेवायला पुढे आडोसा. दांडा कापडाच्या नळीत एका टोकानं खुपसून ढकलत न्यायचा, नळीचं पलीकडचं टोक बंद असतं, तिथं धरायला माणूस लागत नाही. जड आहे. "तिघांचा" लिहिलंय, म्हणजे दोन माणसं आणि एक उपाशी हाडकुळा.

घेतला. मं. ची रस्ताभर कटकट, ओझं कोण वाहणार, दोघांना एवढा महाल कशाला. शेवटी चिखलीत शिरताना सांगून टाकलं, एका हातानं लावता येतो म्हणून घेतला.

त्यानं गाडीचा वेग कमी केला. मग, "व्हय. मग ठीक हाय."

गुरुवार, २८ ऑगस्ट

मंगेशच्या गच्चीवर टेस्ट. खाली मंडळाचा स्पीकर ठणाणा करतोय, वर आम्ही दोघं.

उजव्या हाताची चार बोटं काळ्या इन्शुलेशन टेपनं एकत्र गुंडाळली, अंगठा मोकळा. मं. नं पाइप धरला, मी त्याला पाणी आडवं मारायला लावलं, डोंगरावर पाऊस सरळ थोडाच पडतो. पहिल्यांदा दांडा निसटून ओठावर बसला. रक्त. दुसऱ्यांदा निम्मा उभा राहिला आणि लोळला. मग युक्ती कळली. दांडा मांडीनं रेटायचा, क्लिप दातात धरायची. लागला. एकट्यानं, धो धो पाण्यात.

आत टॉर्च घेऊन बसलो. दाराजवळचा एक कोपरा ओला, पट्टी तिथं संपते. सीलंट लावलं, वाळू दिलं, पुन्हा पाणी मारलं. कोरडा.

मं. नं सगळ्याचा व्हिडिओ काढला होता. मीच म्हटलं, टाक आपल्या तिघांच्या ग्रुपवर, बघू दे त्याला जमतं ते. फार खूश होतो आम्ही. खाली जाऊन भेळ खाल्ली.

संध्याकाळी: संतोष ग्रुपमधून बाहेर पडला. काही न लिहिता.

शुक्रवार, २९ ऑगस्ट

गेलो. दार वहिनींनी उघडलं आणि आत निघून गेल्या.

सं. पलंगावर. आज टॉवेल नव्हता. हात मांडीवर, मला दिसेल असा.

"टेप काढली की बोटं परत आली का तुझी?"

आली, म्हटलं. दुसरं काय म्हणणार.

"मंग झालं तर."

मी खुर्ची पुढे ओढली. तो म्हणाला, "मी काय मशिनवरचा जॉब हाव का, विज्या? ट्रायल घ्याला?" आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं.

मशिनवर चढवलेल्या तुकड्यासारखंच केलं आम्ही त्याचं. अडचण दिसली की जुगाड बसवायचा, ट्रायल घ्यायची, ओके मारायचं. आयुष्यभर कंपनीत हेच शिकलो. त्याला एका शब्दानं विचारलं नाही. लाज वाटते.

वहिनींचा संध्याकाळी फोन. काल व्हिडिओ बघितल्यापासून जेवलेच नाहीत.

गुरुवार, ४ सप्टेंबर

मंगेशशी भांडण. त्याचं म्हणणं, टेंट परत करू, दुकानदार दोघांचा देईल बदलून. "घरात त्यो टेंट दिसला की तुला त्येच आठवनार. सोड की राव."

मी नको नको ते बोललो. तू त्याला कधीच पोचवून आलास, असं. मंगेशचे डोळे भरले. अपघाताच्या दिवशी दवाखान्यात बोटांची पिशवी हातात धरून बसला होता तोच, आणि मी त्याला हे ऐकवलं. निघून गेला. टेंट बदलणार नाही. पण हे तोंड शिवून घ्यायला पाहिजे.

मंगळवार, ९ सप्टेंबर

मं. ची माफी मागितली. "जाऊ दे," एवढंच. पुढच्या बुधवारी दोघांनी निघायचं ठरलं.

सं. ला एकच मेसेज टाकला, त्याच्या नंबरवर. बुधवार १७. फर्स्ट शिफ्ट सुटली की निघतोय. राजगुरुनगरच्या पुढचं आपलं पठार. व्हिडिओचं चुकलं. येणं न येणं तुझ्यावर.

वाचलाय. उत्तर नाही.

मंगळवार, १६ सप्टेंबर

वहिनी आज फोनवर जरा मोकळ्या वाटल्या. म्हणे दोन दिवस झाले, उठून कामाला लागलेत. कपाट आवरलं. बँकेचं पासबुक, गॅसचं पुस्तक, विम्याचे कागद, सगळं एका पिशवीत भरून त्यांना दाखवलं, हे इथं असतंय म्हणून. "बरं वाटलं भाऊजी, काहीतरी करतेत."

मला बरं नाही वाटलं. तसं म्हणालो नाही. उद्या त्यांना एकटं सोडू नका, एवढं म्हणालो. बरं, म्हणाल्या. समजल्या असाव्यात.

उद्याचं रद्द करावं का? मं. म्हणतो, मेसेज टाकलाय तर जाऊन थांबायला पाहिजे. त्याचं बरोबर आहे. हे तोच म्हणाला, दोघांचा घे म्हणणारा.

बुधवार, १७ सप्टेंबर, पठारावर

पोचेपर्यंत अंधारून आलं. पाऊस आडवा, वारा तर उभं राहू देत नव्हता. तरी टेंट लागला. आत कोरडं आहे, तो कोपरासुद्धा. कधी नव्हे ते काम मनासारखं झालं आणि त्याचं काहीच वाटत नाही.

कड्याच्या टोकाला रेंज येते. तिथं वहिनींचा फोन लागला.

"पोचलात का सगळे? हे सकाळीच गेले सॅक घेऊन. मी पाण्याला गेले होते, तेवढ्यात. चिठ्ठीत लिहून गेलेत, विजूबरोबर चाललो म्हणून."

सकाळी मी कंपनीत होतो.

"हो वहिनी," म्हणालो. "मागून येतोय तो." आणि रेंज गेली. का म्हणालो देव जाणे. त्या एकट्या आहेत घरात, म्हणून असेल. आता त्या निवांत झोपतील.

सं. चा फोन आम्ही निघाल्यापासून बंद लागतो.

मंगेश शेजारी उभा राहून सगळं ऐकत होता. टॉर्च घेतली आणि वाटेनं खाली सुटला. मला म्हणाला, तू हितंच ऱ्हा, बत्ती चालू ठेव, आला तर दिसाया पायजे. मघाशी खाली गावात शेवटची एसटी वळताना दिसली होती. कोणी उतरलं की नाही, एवढ्या लांबून कळत नाही. आला असेल तर ओढा लागतो मधे, दोन्ही हातांनी झाडी धरून यावं लागतं.

मंगेशच्या हाका सुरुवातीला ऐकू येत होत्या, संत्या, संत्या. आता येत नाहीत. वारा वरून खाली आहे. खालून कोणी ओ दिली तरी ती इथवर पोचायची नाही.