न विकायचा दिवा

जॉर्ज टाउन, पेनांग
चेंग बेंगच्या पितरांच्या सणानंतरचा मंगळवार

प्रिय आ-हून,

पाकीट बघून दचकू नकोस. मी धडधाकट आहे. गुडघा कुरकुरतो, पण तो तू इथे होतीस तेव्हापासून कुरकुरतोय. दर रविवारी फोनवर सगळं बोलून झालं की तू विचारतेस, "बाकी काय, पा?" आणि मी म्हणतो, "बाकी काही नाही." ते खोटं आहे. बाकी एक गोष्ट आहे. अकरा वर्षं ती तोंडातून निघाली नाही, म्हणून कागदावर निघते का बघतोय. सरळ मुद्द्यावर येणं मला जमत नाही, हे तुला ठाऊक आहे. तुझी आई म्हणायची, "ह्याच्याकडे मीठ मागितलं तर हा आधी समुद्राची हकीकत सांगतो." तेव्हा धीर धर, शेवटपर्यंत वाच, आणि मध्येच फोन लावू नकोस. फोन लावलास तर मी पुन्हा "बाकी काही नाही" म्हणेन.

दुकान बरं चाललंय. जुन्या कॅमेऱ्यांच्या मोठ्या भिंगांच्या नळ्यांच्या साखरदाण्या केल्यात, झाकणाला भिंगाचंच टोपण. रोलच्या प्लास्टिकच्या डब्यांना भोकं पाडून मीठ-मिरीच्या डब्या केल्या. फोटो मोठे करायचं ते उंच यंत्र, ज्याच्याखाली तू लहानपणी स्टुलावर उभी राहून कागदावर चेहरा उमटायची वाट बघायचीस, ते आता किनाऱ्याकडच्या एका हॉटेलात वाचायचा दिवा होऊन उभं आहे. बिनकामाच्या स्लाइडा तारेने एकमेकींत गुंफून दिव्याची झूल केली. संध्याकाळी दिवा लावला की भिंतीवर कुणाकुणाच्या सहली उमटतात, ना त्यांची ओळख ना पाळख. आणि हस, पण खरं सांगतो, सगळ्यात जास्त खपते ती फिल्मची रीळ, संडासातला कागद अडकवायला. ती एका पर्यटक बाईची कल्पना. मी दोन दिवस रागावलो होतो, तिसऱ्या दिवशी डझनभर करून ठेवल्या.

समोरच्या कॉफीच्या दुकानातला कोपीवाला आ-तीक अजून तसाच आहे. माझ्या कोपीत साखर कमी घालतो आणि तोंडातून जास्त देतो. परवा म्हणाला, "चाळीस वर्षं लोकांना 'हलू नका, हलू नका' म्हणालास, आता स्वतःच हलत नाहीस. जा की पर्थला लेकीकडे!" मी म्हटलं, दुकान कोण बघेल? तर म्हणे, "मी बघतो. कॅमेऱ्याच्या पोटात दिवा घालायचा, एवढंच ना? तुझ्या डोक्यात घालून बघतो आधी, अंधार तिथे जास्त आहे." सगळं गिऱ्हाईक हसलं. मीही हसलो. पण घरी आल्यावर ते वाक्य मला लागलं, कारण तो बोलला त्यापेक्षा ते जास्त खरं होतं.

हा उद्योग मुळात तुझ्या आईचा. लोक फोनवर फोटो काढायला लागले, आपल्याकडे पासपोर्टपुरतंही कुणी फिरकेना, तेव्हा दुरुस्तीला टाकून कुणी परत न नेलेले कॅमेरे मांडीवर घेऊन मी बसून राहायचो. एके दिवशी ती खेकसली, "मढ्याला कवटाळून किती दिवस रडणार? पोट पोकळ आहे ना त्याचं? दिवा घाल त्यात!" पहिला दिवा तिनेच लावून बघितला. पेटला तेव्हा टाळ्या वाजवल्या आणि लगेच म्हणाली की वायर दिसतेय, गबाळं काम आहे.

तुला आठवतंय, तू बारा-तेरा वर्षांची असताना मी तुला कामाच्या टेबलाशी बसवलं आणि पहिलाच नियम सांगितला होता? कॅमेऱ्याचं मागचं झाकण उघडण्याआधी डाव्या हाताची गुंडाळायची खुंटी फिरवून बघायची. सैल फिरली तर पोट रिकामं. अडली तर आत कुणाचा तरी रोल आहे, आणि झाकण उघडलं तर उजेड शिरून त्या माणसाचं लग्न, बारसं, जे काय असेल ते काळंठिक्कर पडणार. दुसरा नियम त्याच खुंटीचा. रोल भरल्यावर पुढचा फोटो सरकवताना ती आपोआप फिरते का बघायचं. फिरली तर फिल्म चक्राच्या दातांत अडकली आणि पुढे सरकतेय. नाही फिरली तर तुम्ही छत्तीस फोटो काढा नाहीतर छत्तीसशे, सगळे कोरे. तू हे नियम इतके पाठ केलेस की जेवताना भाताच्या कुकरची मूठसुद्धा फिरवून बघायचीस. तुझी आई म्हणायची, "पोर तुझ्यापेक्षा नीट आहे." होतीसच.

तिचं दुखणं वाढलं तेव्हाचं तुला मी काय सांगू? केस गेल्यावर तिने कुणाच्या फोनसमोर तोंड दाखवलं नाही. आणि त्या रविवारी सकाळी आपण होऊन ओसरीतल्या स्टुलावर येऊन बसली, मुगाच्या मोडांच्या शेपट्या खुडत, आणि म्हणाली, "आ-हून, माझा देव्हाऱ्यातला फोटो आजच काढून टाक. डोक्याला तो निळा रुमाल बांधते. बापाला सांगू नकोस. त्याने काढला की मी सरकारी कचेरीत रांगेत उभी असल्यासारखी दिसते." तू फोनवर काढू का म्हणालीस, तर म्हणे, "फोनमधला फोटो म्हणजे फोनच. पितरांच्या रांगेत फोन टांगणार का?" मी आत होतो, सगळं ऐकत होतो. तू तुझा कॅमेरा आणलास, नवा रोल भरलास. तासभर तुम्हा दोघींची खिदळाखिदळ चालली होती. ह्या घरात आपण तिघं शेवटचे हसलो ते तेव्हा.

मंगळवारी तिला इस्पितळात हलवलं. त्या गडबडीत तू कॅमेरा माझ्या टेबलावर ठेवून तिच्याबरोबर गेलीस. गुरुवारी ती गेली. देव्हाऱ्यासाठी फोटो हवा म्हणून तू मला रोल धुवायला सांगितलंस, आणि मी तुला दोरीवर टांगलेली फिल्म दाखवली. कोरी. काचेसारखी आरपार. मी म्हटलं, फिल्म दातांत अडकलीच नव्हती, सरकलीच नाही. तू किती तरी वेळ ती उजेडाला धरून उभी होतीस. मग हळूच म्हणालीस, "पण पा, मी खुंटी फिरताना बघितली होती." आणि मी काय म्हणालो ते तू विसरली असशील अशी मी अकरा वर्षं प्रार्थना केली. मी म्हणालो, "डोळ्यांत पाणी असलं की माणसाला काहीही दिसतं."

शेवटी अंत्यविधीवाल्यांनी तिच्या ओळखपत्रावरचा फोटो मोठा केला. कचेरीच्या रांगेत उभी असल्यासारखी ती आजही देव्हाऱ्यातून बघते. सातव्या दिवशी तू उदबत्ती लावून तिच्यासमोर गुडघे टेकलेस आणि कुजबुजलीस, "मा, माफ कर. तू एकच गोष्ट मागितलीस आणि माझ्या हातून झाली नाही." मी तुझ्या मागे चार पावलांवर उभा होतो. तेव्हा बोलायला हवं होतं. मी पाणी प्यायच्या निमित्ताने आत निघून गेलो. महिन्याभरात तू क्वालालंपूरच्या त्या लग्नाच्या फोटोवाल्याने देऊ केलेली नोकरी नाकारलीस. मग पर्थ, केकचं दुकान, लग्न, टेसा. लोक विचारायचे, यो केंग हॉकची मुलगी आणि कॅमेऱ्याला हात लावत नाही? मी म्हणायचो, तिला नाही आवड. जीभ कशी झडली नाही माझी!

देव्हाऱ्यापुढे तो एक कॅमेऱ्याचा दिवा जळत असायचा ना, मागच्या खेपेला तू विचारलंस, हा का विकत नाहीस, गिऱ्हाइकं सारखी मागतात? मी म्हटलं, त्याची वायर खराब आहे. वायर चांगली आहे, आ-हून. तो तुझा कॅमेरा आहे. तो हरवला असं मी सांगितलं होतं, तेही खोटं.

आता लिहितो. त्या मंगळवारी दुपारी मी तिची शाल न्यायला घरी आलो. शाल घेऊन तसंच परत जायला हवं होतं. पण तिथल्या त्या खाटेशी बसून राहणं मला झेपत नव्हतं. हाताला काम नसलं की मी भितो, तुला माहीत आहे. टेबलावर एका कॅफेच्या दिव्यांसाठी आणलेले तीन मेलेले कॅमेरे पडले होते, तुझ्या कॅमेऱ्याच्याच जातीचे. मी बसलो. पहिला उघडला, दुसरा उघडला, तिसरा म्हणून चुकून तुझा उचलला. खुंटी फिरवून बघितली नाही. जन्मभर जगाला शिकवलेली गोष्ट मी त्या एका दुपारी केली नाही. झाकण उघडलं तर आत फिल्म, गच्च गुंडाळलेली, दाराच्या उजेडात चकाकत. झाकण लगेच आपटून बंद केलं. पण उजेडाला कुणी परत बाहेर काढू शकतं का? रोल धुतला, काळा निघाला. डबीतून सगळी फिल्म पुढे सरकली होती, छत्तीसच्या छत्तीस फोटोंइतकी. म्हणजे तू एकूण एक बरोबर काढला होतास. मग मी कपाटातून नवा रोल घेतला, कॅमेऱ्यात न घालताच धुतला आणि दोरीवर टांगला. ती कोरी फिल्म तुझी नव्हतीच. बायको चालली होती. लेकीच्या नजरेतूनही उतरायचं धैर्य मला झालं नाही. म्हणून ते पाप मी तुझ्या डोक्यावर ठेवलं. ह्याला दुसरा शब्द नाही, मी शोधून पाहिला. दिव्याच्या बुडाशी मी त्या काळ्या रोलचा पहिला तुकडा गुंडाळून ठेवला होता, कारण तो पूर्ण काळा नव्हता. गुंडाळीच्या अगदी पोटातला, सगळ्यात आतल्या वेढ्यातला पहिला फोटो वाचला होता. मी तो इतकी वर्षं कागदावर उतरवला नाही. उतरवला असता तर तुला सांगावं लागलं असतं.

मागच्या रविवारी टेसाने फोनच्या पडद्यावर शाळेत केलेला कागदी कंदील दाखवला. मी म्हटलं, मम्माला सांग, फोटो काढून मला पाठव. तर नात आजोबाला म्हणाली, "मम्मा नाही काढत फोटो, कोंगकोंग. मम्माने काढले की येतच नाहीत." आणि मागे मोरीशी भांडी घासता घासता तू हसलीस. ते हसू ऐकलं आणि ठरवलं, आता लपवायचं नाही. दिवा मोडला. बल्ब काढला, वायर काढली, वायरीसाठी पाडलेलं भोक आतून पितळी पत्रा आणि काळं मखमल लावून बुजवलं. एक रोल काढून धुऊन बघितला, उजेड कुठूनही शिरत नाही. कॅमेरा वेगळ्या पार्सलने येतोय, सोबत दोन नवे रोल आहेत. पाकिटातल्या दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये तुझ्या आईचा फोटो आहे, त्या वाचलेल्या तुकड्यावरून परवा उतरवून घेतलेला. उजवी कड उजेडाने खाल्लीय, तिचा खांदा दिसत नाही. पण निळा रुमाल आहे, मांडीवर मोडांची परडी आहे, आणि ती तुझ्याकडे बघून अशी हसतेय की तशी ती माझ्या कॅमेऱ्याकडे बघून एकदाही हसली नाही. देव्हाऱ्यातला फोटो मी बदललेला नाही. तो तुझ्या हाताने बदलायचा आहे. तू आलीस तर. नाही आलीस, माझ्याशी बोललीच नाहीस, तरी माझी तक्रार नाही. फक्त एक कर. टेसाला अंगणात उभी कर. रोल भर, झाकण लाव, पुढचा फोटो सरकव आणि डावीकडच्या खुंटीकडे बघ. फिरेल ती. त्या दिवशीही फिरत होती, पोरी. तू नीट बघितलं होतंस.

तुझाच,
पा