लेखाखालचं ईमेलचं बटण

जळगाव, मंगळवार, संध्याकाळ

वाचक वाढावेत म्हणून माझ्या वेबसाइटवर प्रत्येक लेखाखाली ‘मित्राला ईमेल करा’ असं बटण लावलं. आजवर ते फक्त मीच दाबलंय, चालतं का बघायला.

आज चोपड्याच्या नानांनी, माझ्या थोरल्या चुलतभावाने, घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर केळीच्या भावावरचा माझाच लेख टाकला. खालचं नाव तेवढं वाटेत कुणीतरी कापलेलं. वर मला उद्देशून शेरा: “लेखक ना तू? असं लिही रे भाऊ. बठ्ठा जिल्हा वाची ऱ्हायना!”

अख्खा जिल्हा वाचतोय म्हणे! आणि माझं बटण कोरं.

“नाना, तो माझाच आहे,” असं लिहिलं, पुसलं. वेबसाइट दाखवली असती, तर ग्रुपवरून उचललास म्हणाले असते.

शेवटी सगळ्यांसारखा मीही अंगठा पाठवला.