साठेकाकांच्या टाकीचा आवाज

बुधवार, संध्याकाळ

कसब्यातले साठेकाका एकटेच राहतात. त्यांच्या फ्लशची टाकी भरताना इतकी किंचाळायची, की खालच्या मजल्यावरच्या कुलकर्णीबाई म्हणाल्या, "अहो, ही टाकी आहे की स्वारगेटची एसटी?" गेल्या आठवड्यात बाईंनीच मला, प्लंबरला, बोलावलं. काका म्हणाले, "असू दे रे, तेवढीच सोबत." मी हसून म्हणालो, "काका, सोबतीला रेडिओ लावा," आणि नवा व्हॉल्व्ह बसवला. कान लावून ऐकलं. चिडीचूप. स्वतःवरच खूश झालो.

आज बाईंचा फोन आला. काका संडासात पडले होते, दोन दिवस. "आवाज नाही म्हणून आम्ही निवांत होतो हो. पूर्वी टाकी वाजली की कळायचं, काका उठले."

नुसत्या आवाजावरून बिघाड ओळखणारा मी. ते किंचाळणं कोणाच्या तरी कामाचं आहे, एवढं कसं ऐकू आलं नाही? काकांनी तर सांगितलंही होतं.

काका दवाखान्यात आहेत, अजून शुद्धीवर नाहीत. तो जुना व्हॉल्व्ह माझ्या पिशवीतच सापडला, टाकून द्यायचा राहिला होता. पुसून ठेवला आहे.