मामांचा स्थिर हात

५ मार्च

ती. मामांस,
अंगावरच्या चिखलामातीसकट साष्टांग नमस्कार.

तुम्ही सांगितलं तसंच केलं. पहाटे, फुलपाखरांचे पंख गारठलेले असताना रानात गेले. फुलावर सावली पडू दिली नाही, कॅमेरा पंखांना समांतर धरला, श्वास रोखला. तरी डोळा स्पष्ट आला की पंख पुसट, आणि दोन्ही साधेपर्यंत फुलपाखरू पसार. तुमच्या फोटोत अंगावरची लवसुद्धा दिसते. आई म्हणते, मामाचं नाक तेवढं उचललंस, हात नाही.

माझा हात थरथरतो हे तुमचं बोलणं मी मनावर घेतलंय. घड्याळाच्या दुकानातलं दुरुस्तीचं टेबल सोडलं, आता गल्ल्यावर बसते. लोकांची घड्याळं बिघडवण्यापेक्षा ते बरं. मामींना नमस्कार. लोभ आहेच, तो वाढवा.

तुमची,
ठमी

१२ मार्च

चि. ठमीस,
पोटभर आशीर्वाद.

गल्ल्यावर बसलीस ते शहाणपणाचं केलंस. हात जन्माचा असतो, त्याला इलाज नाही. हौस म्हणून फोटो काढ, जिवाला लावून घेऊ नकोस. पुढच्या रविवारी माझं प्रदर्शन उघडतंय, तुला पहिल्या रांगेत बसवणार आहे. फोटोंच्या छपाईपायी मी दिवसभर बाहेर असतो. मामी एकटी कंटाळते, डोकावून जा.

तुझा,
मामा

१७ मार्च

ती. मामांस, सा. न.

मामींकडे जाऊन आले. पाण्यासाठी फ्रिज उघडला, तर दुधाच्या पातेल्यामागे एक डबा. आत फुलपाखरू, पंख मिटून निपचित. मी दचकले. मामी सहज म्हणाल्या, "अगं, ह्यांचंच ते. गार झालं की हलत नाही. मग फांदीवर ठेवून खिडकीपाशी फोटो काढतात." माझा चेहरा बघून त्यांनीच विचारलं, "तुला शिकवलं नाही का त्यांनी?"

डबा मी अंगणात नेऊन उघडला. ऊन लागल्यावर बऱ्याच वेळाने ते उडालं.

दुकानात टेबल परत मागितलं. मालक म्हणाले, हात थरथरताना त्यांनी कधी पाहिलाच नव्हता, मीच हट्ट धरला म्हणून गप्प बसले.

प्रदर्शनाला येणार नाही. कुणाला सांगणारही नाही, ते तुमचं तुम्ही बघा. एकच विचारते. फुलपाखरांमागे रानात गुडघे सोलून मी घरी यायचे, तेव्हा तुम्ही स्वतः मलम लावायचात. तेव्हा तुम्हाला हसू यायचं का?

ठमी

२१ मार्च

चि. ठमीस,

आशीर्वाद चालत असेल तर घे. लोभ ठेव म्हणायला तोंड उरलं नाही.

हसू कधीच आलं नाही. भीती वाटायची, की एखाद्या दिवशी तुला रानातच जमेल.

मामा