आयव्हनने कोणालाही खांद्यावर घेतले नव्हते

मी, लेस्टर मॅकिनॉल्टी, वय ७२, पूर्वीचा ऊसतोड यंत्रचालक, राहणार टली, क्वीन्सलँड, ऑस्ट्रेलिया, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहून ठेवतो. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. गुडघ्यांबद्दल त्यांनी काही लिहून दिले नाही.

१. माझी शिडी पुतण्या ग्रॅहमला द्यावी. मी आजारी असताना तो एकदाच आला, तोही शिडी मागायला.

२. होडी माजी सैनिकांच्या क्लबला द्यावी. अट एकच: भिंतीवरचे त्या युद्धपटाचे पोस्टर उतरवावे. कारण पुढीलप्रमाणे.

आयव्हन पेडरसन आणि मी, दोघांचेही वाढदिवस सक्तीच्या सैन्यभरतीच्या सोडतीत निघाले; तेव्हा जन्मतारखांच्या चिठ्ठ्या काढून पोरे उचलत. विसाव्या वर्षी व्हिएतनामला निघालो तेव्हा, सरकारी खर्चाने परदेश बघायला मिळतोय, म्हणून खुशीत होतो. तिसऱ्या आठवड्यात एका पहाटे मी पहाऱ्यावर होतो. आयव्हनचे पोट बिघडले होते. मला न सांगता तो झुडपात गेला. परतताना झुडूप हलले आणि मी गोळी झाडली.

"लेस, गाढवा, मी आहे रे," तो म्हणाला. पुढे काही बोलला नाही.

शत्रूच्या गोळीने वीरमरण, असे लष्कराने त्याच्या घरी कळवले. मी अठरा वर्षे गप्प बसलो.

१९८६ साली आमच्या पलटणीवर सिनेमा काढायला मंडळी आली. मला सल्लागार नेमले. दिग्दर्शकाला मी खरे ते सांगितले. तो म्हणाला, "मित्रा, हगवण बघायला कोणी तिकीट काढत नाही."

पडद्यावर आयव्हन जखमी मित्राला खांद्यावर घेऊन टेकडी चढतो आणि वर पोचून मरतो. तो मित्र म्हणजे मी. सगळे थिएटर रडले. आयव्हनची थोरली बहीण मर्ल माझ्या शेजारी होती; ती रडली नाही. बाहेर तिच्या गाडीपाशी म्हणाली, "त्यानं जन्मात कधी माझं दप्तर उचललं नाही. तुझं धूड कुठलं उचलतोय? खरं काय झालं?"

मी सांगितले.

"फार दुखलं का त्याला?"

"नाही. लगेच संपलं."

"शेवटी काय म्हणाला?"

"मला गाढव म्हणाला."

"बरोबरच बोलला," एवढे म्हणून ती गाडीत बसली. दोन वर्षे मी दिसलो की ती रस्ता ओलांडायची. तिसऱ्या वर्षी आयव्हनच्या वाढदिवसाला माझ्या दारात उभी. "केक केलाय. एकटीला संपत नाही." तेव्हापासून दरवर्षी येते. केक कोरडा असतो. तिच्या हयातीत हे कलम तिला वाचून दाखवू नये.

३. माझे घर मर्ल पेडरसन यांना द्यावे. ही भरपाई समजू नये. तिने माफ केले का, हे मी कधी विचारले नाही. तिच्या घराला सतरा पायऱ्या आहेत आणि ती ऐंशीची आहे. माझ्या घराला दोनच आहेत.

वरील मजकूर वाचून, कबूल करून, दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली.

(सही) लेस्टर मॅकिनॉल्टी

साक्षीदार:
१. डल्सी व्हिटाकर, परिचारिका
२. ऑस्कर बोनेट्टी, क्लबचा सचिव (पोस्टरच्या अटीला माझी हरकत होती. वाचल्यावर ती मागे घेतली.)

टली, १२ सप्टेंबर २०१९